पोहण्याच्या बालवर्गासाठी चित्रपुस्तक: कोणती चित्रं चालतात, कोणती नडतात?

काठावरून

सोसायटीच्या तलावावर एप्रिल-मेमध्ये ३ ते ६ वर्षांच्या मुलांचा वर्ग सुरू करायचाय. १२ मुलं, दोन शिक्षक, छोट्या टँकमध्ये दोन फूट पाणी. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एकूण चार आठवडे. वर्गाच्या आधी टँकजवळ आणि घरी चित्रपुस्तक वाचून दाखवावं अशी कल्पना आहे. तयार पुस्तकं चाळली. बहुतेकांत एखादं बदकाचं पिल्लू पाण्याला घाबरतं, दोन पानांनंतर घाबरत नाही आणि शेवटच्या पानावर झकास पोहतं. मधे काय झालं, ते कुठेच नाही!

विचारायचंय ते असं:
१) पुस्तक विकत घ्यावं की आपणच करावं?
२) पात्रं प्राण्यांची असावीत की मुलांची?
३) वाचायचं कधी आणि किती वेळा?
४) श्वासाचं पान कसं असावं? पालकांचे सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात.

पायमार

लहान मुलांचे वर्ग घेतो, म्हणून चौथ्यापासून सुरुवात करतो. बाकीचं चुकलं तरी सावरून घेता येतं.

तयार पुस्तकांत बुडीचं चित्र ठरलेलं असतं: गाल टम्म फुगलेले, नाक चिमटीत, डोळे गच्च. दिसायला गोड, शिकायला उलटं. गाल फुगवले की हवा आत कोंडते. वर आल्यावर आधी ती सोडायची आणि मग नवी घ्यायची, एवढी सवड मिळत नाही. मूल अर्धी सोडतं, अर्धी घेतं, तेवढ्यात पाणी आत जातं आणि ठसका लागतो. असे दोन ठसके लागले की पुढचा आठवडा तोंड पाण्याला लावायला तयार नाही. शिवाय एक हात नाकावर अडकला की तोल गेला. पुढे क्रॉल (पालथं पडून हात आळीपाळीने फिरवत पोहायची पद्धत) शिकवताना ही सवय मोडायला नव्याने शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

त्याऐवजी तीन पानं, तीन आवाज:

फू. तोंड पाण्याच्या वर, समोर टेबल टेनिसचा चेंडू. फुंकर मारली की चेंडू पळतो.

हंऽऽऽ. ओठ मिटून गुणगुणायचं. हवा नाकातून बाहेर पडत राहते, म्हणून पाणी नाकात शिरत नाही. चित्रात नाकापाशी बुडबुडे हवेत, गाल सपाट.

हप. तोंड वर, उघडं, श्वास आत.

घरी परातीत चार बोटं पाणी घ्या. पहिले दोन दिवस नुसता चेंडू या काठापासून त्या काठापर्यंत. मग हनुवटी टेकवून, मग ओठ, मग नाक. एका पायरीला दोन दिवस लागले तर लागू देत. पुस्तकात जे अक्षर आहे तेच घरी म्हणायचं आणि तेच टँकमध्ये. पाण्यात असताना मुलाला लांब वाक्य ऐकूच येत नाही, ‘हंऽऽऽ’ ऐकू येतं. परात झाली की लगेच ओतून टाका.

श्वास किती वेळ धरला ते मोजायचं पान नको. ‘कोण जास्त वेळ खाली राहतो’ हा खेळ तर नकोच, मोठ्या भावंडांसाठीही. जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारली की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो. त्यामुळे श्वास घ्यायची हाक उशिरा येते आणि शुद्ध आधी जाते.

पान_उलटा

बालवाचनालय आणि बालवाडीच्या बाजूने लिहिते.

पहिल्या प्रश्नाला: करा. विकतचं पुस्तक गंमत म्हणून असू देत, पण कृती शिकवायची असेल तर पानावरची वस्तू खरीखुरी दिसायला हवी. सिमकॉक आणि डीलोच या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये १८ ते ३० महिन्यांच्या मुलांना चित्रपुस्तकातून खुळखुळा जोडायची कृती दाखवली होती. रंगीत फोटोंच्या पुस्तकावरून लहान मुलांना ती जास्त जमली, पेन्सिलच्या रेखाटनांवरून कमी. तुमची मुलं त्याहून मोठी आहेत, पण तीन वर्षांचं मूल आणि अनोळखी कृती म्हटल्यावर मी फोटोच घेईन.

दुसऱ्याला: मुलं. कॅनडातल्या संशोधकांनी ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट वाचून दाखवली होती, एका गटाला माणसांची, दुसऱ्याला कपडे घातलेल्या प्राण्यांची. २०१८ मध्ये तो अभ्यास छापून आला. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त वाटून दिलं, प्राण्यांच्या गोष्टीचा तसा परिणाम दिसला नाही. विषय पोहण्याचा नव्हता हे खरं, तरी ‘हे मी करायचंय’ असं मुलाला वाटण्यासाठी पानावर मूल असलेलं बरं.

वाचायची पद्धत मात्र साधी ठेवा. पहिल्यांदा नुसतं वाचा. दुसऱ्यांदा प्रत्येक पानावर थांबून विचारा, ‘आता पाय काय करणार?’ मूल ‘हलणार’ म्हणालं की त्यात एक शब्द घाला, ‘हो, सरळ हलणार’, आणि ते त्याच्याकडून म्हणवून घ्या. तिसऱ्यांदा पुस्तक मुलाच्या हातात, वाचायचं त्याने. मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेली संवादी वाचनाची रीत हीच, पण आपल्याकडे कुठल्याही बऱ्या आजीला ती न सांगता येते.

वेळ पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. वर्ग सुरू व्हायच्या आठ-दहा दिवस आधीपासून घरी रोज एकदा. वर्गाच्या दिवशी त्या दिवसाची दोनच पानं. घरी परतल्यावर तीच दोन पानं पुन्हा. हे शेवटचं वाचन सगळे विसरतात, आणि खरं तर तेच जास्त उपयोगाचं, कारण आता त्या चित्राला गार पाण्याची आठवण चिकटलेली असते.

टँकजवळ १२ जणांना एकदम दाखवू नका. ए-४ पुस्तक चारपाच मुलांपलीकडे दिसत नाही. गट पाडा आणि मुलांच्या तोंडावर ऊन येणार नाही असं बसवा.

पायमार

@पान_उलटा, प्राणी सरसकट काढून टाकू नका हो. काठ धरून सरकायला ‘खेकडा’ म्हटलं की मूल आपोआप आडवं सरकतं, आणखी काही सांगावं लागत नाही. पण बेडूक मात्र खरोखर नडतो. बेडकाची लाथ म्हणजे ब्रेस्टस्ट्रोकची, गुडघे दुमडून पावलं बाहेर फेकायची. आपण सुरुवातीला शिकवतो ती लाथ मांडीतून हलणारी, गुडघा जवळजवळ सरळ. पुस्तकात बेडूक आणि टँकमध्ये ‘पाय सरळ’ म्हटलं की मूल सायकल चालवायला लागतं. मासाही नको, तो श्वासाला वर येत नाही.

पान_उलटा

खेकडा मान्य. तो पात्र नाही, हालचालीचं नाव आहे. गोष्टीतला नायक खेकडा नसला की झालं.

विहीरवाला

गावाकडे पाठीला डबा बांधायचे, नाहीतर वाळका भोपळा, आणि विहिरीत सोडायचे. आठ दिवसांत पोरगं पोहायचं. आता त्यालाही पुस्तक?

पायमार

डब्याची थट्टा नाही करणार, तो चांगलाच होता. पाठीवर असल्यामुळे अंग आडवं राहतं, हात मोकळे राहतात आणि रोज थोडा लहान करत नेता येतो. बाजारातले दंडावरचे फुगे नेमकं उलटं करतात: खांदे वर, पाय खाली, मूल पाण्यात उभं. घाबरून बुडणाऱ्या माणसाचं शरीरही असंच उभं असतं. ती सवय आपणच लावायची?

यातून पुस्तकापुरता मुद्दा असा: तयार पुस्तकांत मूल बहुधा फुग्यात किंवा रिंगमध्ये असतं. पहिल्या दिवशी ती रिंग मिळाली नाही की रडारड. टँकवर जे साधन देणार असाल तेच पानावर हवं. पाठीचा फ्लोट (बांधायचं तरंगतं साधन) असेल तर फ्लोट, काहीच नसेल तर शिक्षकांचा हात.

ढकलून देण्याबद्दल: ज्यांना आलं ते सांगायला उरतात. जे कायमचे पाण्यापासून लांब गेले त्यांना कोणी विचारत नाही.

रेघ

चित्रं काढणाऱ्याच्या नजरेतून तीन गोष्टी.

पहिली, चित्र कुठून बघितलंय ते. उताणं तरंगण्याचं चित्र सगळे वरून काढतात, हातपाय पसरलेली चांदणी. मुलाला पाण्यात ती चांदणी दिसतच नाही. त्याला दिसतं आभाळ, शेडचा पत्रा आणि शिक्षकांची हनुवटी. म्हणून त्या पानावर तेच दाखवा: वर आभाळ, कडेला उलटा दिसणारा चेहरा, खाली स्वतःच्या पायाची बोटं. शिक्षकांनी हात कुठे धरलाय ते मात्र शेजारच्या छोट्या चित्रात बाहेरून दाखवायला हवं.

दुसरी, हालचाल. बाण आणि गतीच्या रेषा आपण वाचायला शिकलोय, तीन वर्षांचं मूल बहुधा बाणाला ‘काठी’ म्हणतं. लाथेसाठी एकामागोमाग येणारी दोन उजवी पानं वापरा. पहिल्यावर उजवा पाय वर, दुसऱ्यावर डावा पाय वर, बाकी सगळं तंतोतंत तेच. पान फडफडवलं की पाय हलतात. हे पान मुलं फाडतात, ते धरूनच चाला.

तिसरी, पाण्याची रेघ. टँक काचेच्या पेटीसारखा कापून दाखवा, म्हणजे डोकं वर आणि पाय खाली एकाच चित्रात येतात. नुसतं निळं पाणी आणि वर एक डोकं काढलं तर शरीराचं काय चाललंय ते मुलाला कळत नाही.

फोटो काढणार असाल तर वर्ग नसताना काढा. पोहण्याच्या पोशाखातल्या दुसऱ्या मुलांचे फोटो पालकांची लेखी संमती असल्याशिवाय नकोत. सोपा मार्ग म्हणजे जागेचे फोटो खरे ठेवायचे आणि त्यावर मूल चित्राने काढायचं.

हळूहळू

ऑक्युपेशनल थेरपीत (रोजच्या हालचाली, कामं जमायला मदत करणाऱ्या उपचारांत) काम करते. आवाज, स्पर्श यांचा चटकन त्रास होणाऱ्या मुलांसाठी थोडी भर घालते. १२ मुलांत असं एखादं निघतंच.

मूल घरी पुस्तक तोंडपाठ म्हणतं आणि टँकवर पाय रोवून उभं राहतं. पालक म्हणतात, ‘घरी तर सगळं येत होतं!’ येत होतंच, पण पुस्तकात टँकचा वास नव्हता, शेडखालचा घुमणारा आवाज नव्हता, शॉवरचा गार फटका नव्हता, केस ओढणारी टोपी नव्हती. अडलं ते पाण्याशी नाही, त्याच्या आधीच्या दहा मिनिटांशी. म्हणून पुस्तक फाटकापासून सुरू करा: चपला कुठे काढायच्या, शॉवर कुठला, टोपी, गॉगल, ओली फरशी, आणि गॉगल घातलेल्या शिक्षकांचा चेहरा. शेवटचा पण महत्त्वाचा. ओळखीच्या माणसाचे डोळे दिसेनासे झाले की लहान मुलं बिचकतात.

मजकुरात ‘घाबरू नकोस’ कुठेही नको. तोवर घाबरायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याऐवजी काय होणार ते सरळ लिहा: ‘कान पाण्यात गेले की आवाज जाड येतो. कान बाहेर आले की आवाज परत येतो.’ अमेरिकी शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९१ पासून स्वमग्न मुलांसाठी रुजवलेल्या ‘सोशल स्टोरी’चा गाभा हाच आहे. सांगायचं जास्त, हुकूम कमी.

आणि पुस्तकात खोटं नको. पाणी गार असेल तर ‘गार’ लिहा. ‘सर तुला सोडणार नाहीत’ असं छापलंत तर सरांनी गंमत म्हणूनही हात काढायचा नाही. एकदा काढला की पुस्तक बाद.

एक पान ‘पुरे’ची खूण शिकवायला ठेवा. हात डोक्यावर म्हणजे बाहेर यायचंय. थंडी वाजली, लघवी लागली, डोळे चुरचुरले, कशालाही तीच खूण. ओठ निळसर दिसले किंवा दात वाजायला लागले तर खुणेची वाट न बघता बाहेर काढा. चिमुकली अंगं झटकन गार पडतात.

घरी डोक्यावरून तांब्या ओतायची सवय याच काळात लावा: आधी खांदे, मग डोक्याची मागची बाजू, मग चेहऱ्यावरून. प्रत्येक वेळी ‘एक, दोन, तीन’ म्हणून, नकळत कधीच नाही. लगेच टॉवेलने तोंड पुसू नका, मुलाला स्वतःच डोळे मिचकावू दे.

काठावरून

भरपूर मिळालं. कच्चा मसुदा टाकतो, १२ पानं. खुशाल चिरफाड करा.

१. मुखपृष्ठ
२. फाटक बंद. आईचा हात. मग फाटक उघडतं.
३. शॉवर. गार गार. सर्रर्र.
४. पायरीवर बसू. पाय पाण्यात. छप छप.
५. चेंडूला फुंकर. फू.
६. ओठ मिटून गाणं. हंऽऽऽ.
७. तोंड वर. हप.
८. खेकडा निघाला काठाकाठाने.
९. उताणं झालं की आभाळ दिसतं.
१०. सरळ पाय. थपथप थपथप.
११. उडी! वळ. काठ धर.
१२. कोपर, कोपर, पोट, गुडघा. बाहेर!

पायमार

बाहेर यायचं पान शेवटी ठेवलंत, ते चौथ्या पानानंतर लगेच घ्या. पाण्यातून स्वतः बाहेर पडता येतं हे मुलाला पहिल्याच दिवशी कळायला हवं, मग बाकीचं शिकताना ते निम्मं शांत असतं. कोपर-कोपर-पोट-गुडघा हा क्रम बरोबर आहे. चार शब्द म्हणजे चार छोटी चित्रं, एकाच पानावर. घरी पलंगाच्या कडेवर किंवा दिवाणावर सराव होतो. मुलं पोट विसरून थेट गुडघा टाकायला जातात आणि मागे घसरतात, म्हणून ‘पोट’ ठळक अक्षरात. त्याच्यामागोमाग खेकडा. म्हणजे बाहेर यायचं, काठाने सरकायचं, आणि मग श्वास.

९ आणि १० मधे काही नसलं तरी चालेल, पण उताण्या पानावर कानांचा उल्लेख हवाच, @हळूहळू यांनी लिहिलंय तसा. मूल डोकं उचलतं ते कानात पाणी गेल्यामुळे. डोकं उचललं की कंबर बुडते. मग शिक्षक ‘पोट वर’ म्हणून ओरडत बसतात, आणि अडलेलं असतं कानाशी.

११ बदला. दोन फूट पाण्यात उभ्याने उडी नको, आणि पुस्तकात सूर मारणारं मूल तर अजिबात दिसता कामा नये. ‘काठावर बस, घसर, वळ, काठ धर’ असं करा. यातलं ‘वळ’ सोन्यासारखं आहे. चुकून पाण्यात पडलेलं मूल पुढे बघत राहतं, आणि काठ नेहमी पाठीमागे असतो.

दुसऱ्या पानाबद्दल: आईचा हात ठीक, पण वर्गात आई बाहेर बसणार. ‘सरांनी नाव घेतलं की उतरायचं. नाव नाही घेतलं तर थांबायचं’ असं लिहा. हे पान रोज वाचायचं, कंटाळा आला तरी. पाण्याशी दोस्ती झालेलं आणि पोहता न येणारं मूल घाबरणाऱ्या मुलापेक्षा जास्त धोक्यात असतं, कारण ते आपणहून पाण्याकडे जातं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वाढदिवसानंतर पोहण्याच्या वर्गांना हरकत घेत नाही, पण वर्ग लावला तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच, असं तीही बजावते. बारा मुलांना दोघं म्हणजे एकाकडे सहा, हे या वयाला जास्त आहेत. चार ठीक. तिसरा माणूस मिळवा, पुस्तक दोन दिवस उशिरा झालं तरी चालेल.

सुट्टीत गावी जाणारी मुलं असतील तर मागच्या कव्हरवर एक चित्र: विहीर, हौद, शेततळं, भरलेली बादली. खाली ‘इथे पोहत नाहीत.’ शेततळं वेगळं दाखवा. उताराला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, तो ओला झाला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. तिथे कोपर-कोपर-पोट चालत नाही.

काठावरून

सगळे बदल घेतले. घसरायच्या पानाला आवाज कुठला द्यावा? आणि टँकजवळची प्रत भिजू नये म्हणून लॅमिनेशन पुरेल का?

रेघ

सुर्रर्र. शॉवरला सर्रर्र आहे, दोन्हींत गोंधळ नको म्हणून शॉवरचं ‘झिरझिर’ करून टाका.

लॅमिनेशन पुरतं, पण दुकानदार करतात तसं नाही. तिथे मोठा कागद लॅमिनेट करून मग कापतात, त्यामुळे कडा उघडी पडते आणि पाणी आत शिरतं. आधी प्रत्येक पान कापा, मग लॅमिनेट करा, चारही बाजूंनी किमान अर्धा सेंटीमीटर नुसतं प्लॅस्टिक राहू द्या. बांधणीच्या बाजूला दीड सेंटीमीटर ठेवा आणि भोकं त्या नुसत्या प्लॅस्टिकमध्ये पाडा, कागदात नाही. स्पायरलऐवजी दोन मोठ्या प्लॅस्टिकच्या कड्या लावा, म्हणजे त्या दिवसाची दोन पानं सुटी काढता येतात. प्रिंट लेझरचं घ्या, इंकजेटची शाई ओलाव्याने फुटते. कोपरे गोल कापा, नाहीतर टोचतात. घरच्या प्रतीला हे काहीच नको. ए-४ चे तीन कागद मधोमध दुमडले, मधे दोरा मारला की बारा पानं होतात.